दस्तगीरचाचांचा आडवा फेरा

हे लिहायला घेताना माझ्यापुढे एक प्रश्न होता, आणि तो आरंभीच मांडलेला बरा. जमीन तीच, यंत्र तेच, हरवलेली वस्तूही तीच. तरी एका माणसाला ती सापडते आणि दुसऱ्याला सापडत नाही. असे का होते?

मी सांगलीजवळच्या माधवनगरात बत्तीस वर्षे शाळेत विज्ञान शिकवले. प्रश्नाचे उत्तर पायऱ्यापायऱ्यांनी लिहावे, म्हणजे छंद म्हणून धातुशोधक यंत्र हाती घेणाऱ्या कोणालाही ते उपयोगी पडेल, असा माझा विचार होता. पायऱ्या लिहून झाल्यादेखील. परंतु प्रत्येक पायरीवर मला दस्तगीरचाचा उभे दिसू लागले, आणि शेवटच्या पायरीवर मी स्वतः. तेव्हा तो कागद बाजूला ठेवला आणि हा घेतला.

दस्तगीर शिकलगार आमच्या गल्लीच्या टोकाला राहत. तरुणपणी ते इथल्या कापडगिरणीत माग दुरुस्त करीत. गिरणी बंद पडल्यावर त्यांनी घराच्या ओट्यावर विळ्या, कात्र्या आणि अडकित्ते यांना धार लावण्याचे काम सुरू केले. डाव्या कानाने त्यांना जवळजवळ ऐकू येत नसे. कोणी डावीकडून बोलू लागले की ते उजवा कान पुढे करीत आणि म्हणत, “हिकडनं बोला. तो कान गिरणीतच ऱ्हायला.” मात्र राहिलेल्या एका कानावर त्यांचा भरवसा असा की विळीचे पाते नखाने वाजवून ते सांगत, “ह्येला जोड दिलेला हाय. कुणी दिला?”

यंत्र त्यांच्या जावयाने आखाती देशातून येताना आणले होते. सासऱ्यांचा वेळ जाईल, एवढाच जावयाचा हिशेब. सासऱ्यांनी त्याचा अभ्यास केला. लांब दांडी, तिच्या टोकाला चपटी गोल चकती, दुसऱ्या टोकाला दोन-तीन खुंट्यांची पेटी आणि कानाला लावायची वायर. चकतीला ते थाळी म्हणत. शिवलेल्या कापडी पिशवीत ते यंत्र खांद्याला अडकवून एसटीत चढले की वाहक हमखास विचारी, “चाचा, बंदूक कुणावर धरायची हाय?” चाचा गंभीरपणे सांगत, “खिळ्यावर.”

माझी आणि त्यांची खरी ओळख एका पैंजणामुळे झाली. शाळेच्या क्रीडादिनी सहावीतल्या एका मुलीच्या पायातले चांदीचे पैंजण मैदानावर पडले. आमच्या क्रीडाशिक्षकांनी चाचांचे यंत्र मागून आणले, दोन तास मैदान पालथे घातले आणि मैदानात पैंजण नाही असे जाहीर केले. दुसऱ्या दिवशी चाचा स्वतः आले. यंत्र पिशवीतून काढण्याआधी त्यांनी मुलीला बोलावले.

“कंच्या खेळात हुतीस?”

“लिंबू-चमचा.”

“मग पळ की. काल पळालीस तशी.”

“चमचा नाहीये.”

“बोट धर तोंडात. पळ.”

सगळा वर्ग हसू लागला, मुलगी रडता रडता हसली आणि तोंडात बोट धरून चालू लागली. मध्येच एका ठिकाणी ती थबकून वाकली. “इथं लिंबू पडलं होतं माझं,” ती म्हणाली. चाचांनी तिथे विटकरीचा तुकडा ठेवला, त्याच्याभोवती दहा पावलांचा चौक आखला आणि मग यंत्र सुरू केले. पाऊण तासात पैंजण तिच्या हातात होते. गवताच्या मुळाशी, दोन बोटे मातीखाली.

मी विचारले, “काल याच यंत्राला कसं सापडलं नाही?”

“त्या सरांस्नी घाई हुती,” ते म्हणाले. “आनि यंत्राला घाई कळत न्हाई, बाई.”

हे उत्तर मला अपुरे वाटले. पुढच्या रविवारी मी वही घेऊन त्यांच्या ओट्यावर गेले, आणि नंतरची सहा वर्षे जात राहिले.

त्यांनी अंगणात माझ्यासाठी एक शाळा मांडली. आठ ठिकाणी आठ वस्तू पुरल्या: खिळा, बाटलीचे झाकण, तांब्याची तार, गोळ्यांच्या पाकिटाचा चंदेरी कागद, चाचींची चांदीची अंगठी आणि आणखी काही. कोणती चार बोटांवर, कोणती वीतभर खोल. कुठे काय आहे ते फक्त त्यांना ठाऊक. मी आवाज ऐकून वहीत लिहायचे आणि मग खणून पडताळायचे. पहिल्या दिवशी आठपैकी माझे तीन बरोबर आले. “नापास,” चाचा म्हणाले आणि मनापासून हसले. मास्तरणीला नापास करण्याचे सुख त्यांनी लपवले नाही.

त्यांचे नियम मी त्यांच्याच शब्दांत उतरवून घेतले आहेत. पहिला नियम, ‘आधी सोताची झडती’. खिशातल्या किल्ल्या, पट्ट्याचे बक्कल, बोटातली अंगठी, सगळे काढून लांब ठेवायचे. यंत्राला शोधणाऱ्याच्या अंगावरचे लोखंडही ऐकू येते. स्वतः ते रबरी चप्पल घालत आणि खुरपे दहा पावले मागे ठेवत. त्यानंतर ‘जमीन गप करायची’. आपल्याकडच्या काळ्या मातीत आणि मुरमात लोहाचा अंश असतो, त्यामुळे यंत्र उगाचच कुरकुरते. थाळी चार-सहा वेळा सावकाश खालीवर करीत खुंटी अशी लावायची की ती कुरकुर थांबावी. काही लोक यंत्राची संवेदनशीलता शेवटच्या टोकापर्यंत वाढवतात. चाचा म्हणत, “वर्गात समद्यांनी एकदम बोलल्यावर तुमाला उत्तर कळतंय का? मग?”

थाळी फिरवण्याची त्यांची रीत मात्र पाहण्यासारखी होती. हवेत झोका द्यायचा नाही. थाळी जमिनीपासून दोन बोटे वर, दोन्ही टोकांना तेवढीच वर. “घर सारवतासा का कवा? हात कसा फिरतो? आदल्या हाताच्या निम्म्यावर दुसरा हात. मधी कोरडं ऱ्हायलं तर सासू बोलती.” अशा अर्ध्यावर अर्धे टाकलेल्या फेऱ्यांनी ते एक वाफा संपवायला तास घेत. आवाज आला की वळून काटकोनातून पुन्हा ऐकत. दोन्हीकडून आला तर खणायचे, एकाच बाजूने आला तर पुन्हा विचारायचे.

आणि शेवटचा नियम, जो त्यांना सर्वांत प्रिय होता: उभा फेरा एकाचा, आडवा फेरा दुसऱ्याचा. एकाने रान उत्तर-दक्षिण चालायचे, मग दुसऱ्याने तेच रान पूर्व-पश्चिम चालायचे. मी विचारले, “एकच माणूस दोन्ही फेरे का नाही मारत?”

“एका माणसाची चूक त्येच्याच वळणानं जाती,” ते म्हणाले. “आडवं फिरला तरी ती संगंच असती.”

पेटीवर आणखी एक खुंटी होती, शून्यापासून नवापर्यंत आकडे असलेली. तिला ते चाळण म्हणत. ती जितकी पुढे फिरवावी तितके यंत्र बारीकसारीक धातूंविषयी गप्प बसते. खिळे, पत्र्याचे तुकडे, चंदेरी कागद यांचे आवाज एकेक करून बंद होतात आणि काम हलके होते. चाचांची चाळण कायम शून्यावर असे. कारण त्यांनी मला अंगणात दाखवले होते. पातळ पत्र्याचे सोने आणि गोळ्यांच्या पाकिटाचा कागद यांचा आवाज जवळजवळ सारखा येतो. “कागद नगं म्हनलं की यंत्र सोनंबी नगं म्हनतंय. त्येला काय, सांगितलं तेवडंच करतंय.” मी ते वहीत लिहून घेतले. खाली दोन रेघाही मारल्या.

ते कोणाकडून काही घेत नसत. पण एक अट असे: ज्याचे हरवले आहे तो माणूस समोर हवा. एकदा म्हसवडच्या पलीकडून एका पांढऱ्या गाडीतून तिघेजण आले. एकाच्या हातात नारळ, दुसऱ्याच्या हातात लिंबांची पिशवी. कुठल्याशा पडक्या गढीत हंडा पुरलेला आहे, असे त्यांना कोणी सांगितले होते.

“हंडा कुणाचा हरवलाय?” चाचांनी विचारले.

“हरवला कुटं? पुरून ठेवलाय की जुन्या लोकांनी.”

“मग त्या जुन्या लोकांस्नी गाडीत घालून आणा. कुटं बसून पुरला ते दावाय सांगू.”

“आवं चाचा, चेष्टा करतासा काय?”

“मी कुटं करतोय? लिंबं तुमी आणलीसा.”

गाडी गेल्यावर ते मला म्हणाले, “न हरवलेलं हुडकायचं म्हंजी चोरीच की, बाई. सरकारचं आसंल न्हाईतर जमिनीचं.” कायदाही साधारण तेच म्हणतो, हे मी त्यांना सांगितले. कायद्याने आपल्याशी सहमत व्हावे याचे त्यांना विशेष वाटले नाही.

अशा रीतीने त्यांच्या शब्दाला वजन आले होते. उभा आणि आडवा असे दोन्ही फेरे झाल्यावर ते एकच वाक्य बोलत: “हाय” किंवा “हितं न्हाई.” चाचांनी नाही म्हटले की त्या जागेचा विषय लोक संपवून टाकीत.

आता जे सांगायचे आहे ते सांगते.

इस्लामपूरजवळच्या एका गावात हळदीची काढणी चालली होती. घरचे कर्ते आण्णा चाचांच्या ओळखीचे, विळे धार लावायला त्यांच्याकडे पाठवणारे. त्यांच्या सुनेच्या मंगळसूत्राचा दोरा रानात तुटला. घरी आल्यावर काळे मणी पदरात सापडले, पण सोन्याच्या दोन्ही वाट्या नव्हत्या. त्या दिवशी तिच्या शेजारी काढणीला शालन होती. शालन त्या घरी सात-आठ वर्षे कामाला येत असे. संध्याकाळी अंगण झाडून मग घरी जाई. तिच्याविषयी कोणी उघड बोलले नव्हते, पण घरातले सगळे तिच्याशी जरा जास्तच नीट बोलत होते. आम्ही गेलो तेव्हा ते मलादेखील जाणवले.

चाचांनी सुनेला रानात बसवले. “ताई, खुरपं घ्या. कशा बसला हुतासा तशा बसा.” तिला नीट आठवेना. शालनच पुढे आली.

“वैनी हितं न्हवत्या, चाचा. वैनी त्या रस्त्याच्या अंगाला हुत्या. ह्या बांधाला पाय देऊन त्यांनी पदर खोचला. मी म्हनलंबी, वैनी, ऊन लय हाय, सावलीला बसा.”

चाचांनी त्या जागेवर खूण केली आणि दोन वाफे निवडले. एक आतला, एक रस्त्याकडेचा. त्यांचा गुडघा त्या वर्षी सुजू लागला होता. आतला वाफा त्यांनी उभा केला, मी आडवा. रस्त्याकडेचा मला दिला आणि बांधावर जांभळीखाली बसले. माझा उभा फेरा झाला की आडवा त्यांचा, असे ठरले होते.

रस्त्याकडेचा वाफा म्हणजे कचऱ्याची पेटी होती. गुटख्याच्या पुड्या, गोळ्यांची पाकिटे, औषधाच्या बाटल्यांची चंदेरी टोपणे. पावलापावलाला आवाज. मी वाकून खणी, कागद निघे. पुन्हा आवाज, पुन्हा कागद. अकरा वाजून गेले होते, डोक्यावर ऊन होते, आणि चाळीस-पन्नास कागद काढून झाल्यावर माझी पाठ भरून आली. मी चाळण फिरवली. तीनवर आणली. यंत्र एकदम शांत झाले.

मला फार बरे वाटले. शांत वर्ग म्हणजे शिकणारा वर्ग, असे आयुष्यभर मानणारी मी बाई. उरलेला वाफा मी सरळ रेषांत, अर्ध्यावर अर्धे टाकीत, अगदी नियमाने पूर्ण केला. आणि बांधाकडे परत येताना चाळण पुन्हा शून्यावर आणून ठेवली. त्यामागे लपवण्याचा हेतू होता असे मला तेव्हा वाटले नाही. तास संपला की फळा पुसून वर्गाबाहेर पडायचे, या सवयीने हात फिरला. परंतु पुसलेल्या फळ्यावर काय लिहिले होते ते पुढच्या माणसाला कळत नाही, एवढे खरे.

चाचा काठी टेकत उठू लागले. “आणा हिकडं. आडवं घेतो.”

“राहू द्या चाचा,” मी म्हटले. “गुडघा बघा केवढा सुजलाय. मी नीट पाहिलंय सगळं.”

ते क्षणभर यंत्राकडे पाहत राहिले. मग बसले. “बाईंनी बघितलंय म्हंजी काय तपासायचं,” असे म्हणून त्यांनी पिशवी उघडली. सहा वर्षांत त्यांनी त्यांचा नियम एकदाच मोडला, आणि तो माझ्या मानासाठी.

अंगणात आण्णांनी विचारले. चाचा म्हणाले, “हितं न्हाई. रानात न्हाई.”

शालन दारापाशी उभी होती. ती म्हणाली, “आण्णा, माझी झडती घ्या. घराची घ्या.”

“झडती कशाला घेऊ?” आण्णा हळूच म्हणाले. “चाचा न्हाई म्हनत्यात न्हवं रानात. तू उद्यापासनं येऊ नगंस, शालन.”

 हातातला झाडू तिने भिंतीला टेकवून उभा ठेवला, तो घसरला, तिने पुन्हा नीट उभा केला आणि ती गेली.

परतीच्या एसटीत चाचांनी पिशवी मांडीवर घेतली होती. कवठेपिरानच्या आसपास म्हणाले, “बाई, त्या बाईनं सोताहून जागा दावली. घेतलेलं माणूस जागा दावत न्हाई. कायतरी चुकतंय.”

“आपण दोघांनी पाहिलंय, चाचा,” मी म्हटले.

हे वाक्य मी आजवर अनेकदा मनात उलटसुलट करून पाहिले आहे. त्यातला प्रत्येक शब्द खरा होता.

दोन महिन्यांनी शाळेतल्या मुलांसाठी मी धातुशोधनाचा एक पाठ तयार करीत होते. चाळणीचा परिणाम आकड्यांत दाखवावा म्हणून चाचांचे यंत्र घरी आणले आणि माझ्याच मंगळसूत्राची एक वाटी कुंडीत चार बोटे मातीखाली ठेवली. चाळण शून्यावर, आवाज स्वच्छ. एकवर, बारीक. दोनवर, तुटक. तीनवर काहीच नाही. मी पुन्हा केले. वाटी काढून, पुसून, पुन्हा पुरून केले. तीनवर काहीच नाही.

चाचा ओट्यावर विळा घासत होते. मी सगळे सांगितले. त्यांचा हात थांबला नाही. दगडावर पाणी टाकायचे, घासायचे, चालूच होते. बऱ्याच वेळाने त्यांनी एकच प्रश्न विचारला.

“शून्यावर परत कवा आणलीसा?”

“तुमच्या हातात द्यायच्या आधी.”

“हां,” ते म्हणाले. विळ्याची धार अंगठ्यावर पाहिली. “उद्या सकाळची इस्लामपूर गाडी धरू.”

त्या रानात तोवर हळदीनंतर उसाची लावण झाली होती आणि ऊस गुडघ्याला लागला होता. चाचांनी आण्णांना बांधावरच गाठले. “आण्णा, रानात न्हाई म्हनलो ते मागं घेतो. चूक माजी हाय. आडवा फेरा मी घेतला न्हाई.”

मी शेजारी उभी होते. ते खोटे बोलत नव्हते. आडवा फेरा त्यांनी खरोखरच घेतला नव्हता, आणि त्यांच्या हिशेबी दुसऱ्याची चूक पकडण्याचे काम त्यांच्याकडे होते. त्यांच्या या खरेपणाच्या सावलीत मी उभी राहिले आणि बोलले नाही.

आण्णा म्हणाले, “आता काय त्येचं, चाचा. सूनबाईला दुसरं केलं. शालनबी गेली म्हायारला, म्हसवडाकडं. दादला तिचा पुण्याला असतोय कामाला. तुमाला बघायचंच आसंल तर ऊस तुटल्यावर या.”

ऊस तुटायला चौदा महिने लागले. दर पंधरवड्याला चाचा मला विचारीत, “तोड आली का हो त्यांची?” जणू ऊस माझ्याच रानात होता. एकदा मी म्हटले, आपण नुसतेच म्हसवडला जाऊन शालनला सांगू या की आमची चूक झाली. ते म्हणाले, “नुसत्या शब्दानं तिचं नाव गेलं, बाई. तिला परत नुसता शब्दच द्यायचा व्हय?”

तोड झाली त्या आठवड्यात आम्ही गेलो. पाचट बाजूला सारून ठेवलेले होते. चाचांच्या गुडघ्याला पट्टा होता. मी यंत्र मागितले, ते त्यांनी दिले नाही. “तुमचा उभा झालाय. आता आडवा.” सकाळी साडेआठपासून ते माझा वाफा आडवे चालू लागले. प्रत्येक आवाजाला वाकायचे, कागद काढायचा, माझ्याकडे द्यायचा. दुपारी एकच्या सुमाराला ते बांधापासून चार पावलांवर बसले ते उठेनात. मला वाटले, चक्कर आली. जवळ गेले तर तळहातावर ट्रॅक्टरच्या चाकाखाली चेपटलेली एक वाटी होती. दुसरी मिळाली नाही. आजवर मिळालेली नाही.

जिथे शालनने बोट दाखवले होते, तिथून ती जागा हातभर लांब होती.

आण्णांनी वाटी हातात घेतली, उलटी केली, सुलटी केली. “आरं द्येवा,” ते म्हणाले. “शालन…” आणि तिथेच थांबले. चाचांनी त्यांना म्हसवडला चला म्हटले. “तुमीच सांगा की, चाचा. म्हनावं, ये कामाला.”

त्यानंतरच्या थंडीत चाचा गेले. चाचींनी यंत्र मला दिले. चाळणीच्या खुंटीवर काळ्या चिकटपट्टीचे चार-पाच वेढे होते, शून्यावर घट्ट बांधलेले. ते माझ्यासाठी होते की त्यांनी स्वतःलाही बांधून घेतले होते, हे मी चाचींना विचारले नाही. महिन्याभराने मी एकटी आण्णांकडे गेले आणि चाळण फिरवल्याचे सगळे सांगितले. त्यांनी चहा मागवला. “आसू द्या, बाई,” ते म्हणाले. “तुमी चाचाची बाजू घेतासा, बरं वाटलं. पर चाचा सोता सांगून गेल्यात, चूक त्येंची हुती.” मी पुन्हा सांगितले. त्यांनी बिस्किटे पुढे केली. चाचांच्या शब्दाला वजन होते, ते त्यांच्या मागेही राहिले. आणि त्या गावात माझी चूक आज त्यांच्या नावावर आहे.

मला चाचा शेवटचे दिसतात ते म्हसवडात. त्यानंतरही ते मला गल्लीत अनेकदा भेटले असतील, पण डोळ्यांपुढे येते ती तीच दुपार. वाटी सापडल्यावर तिसऱ्या दिवशी आम्ही विटा, मायणी करीत तिथे पोहोचलो. गावाबाहेर शालनच्या भावाची मेंढरे बसायची जागा होती. काटेरी कुंपण, मधे झोपडी, सभोवार कोरडे माळ. शालनने आम्हाला ओळखले. पाणी दिले. चाचांनी सगळे सांगितले आणि शेवटी म्हणाले, “चूक माजी.” वाटेत मी माझे वाक्य चार वेळा जुळवले होते. ते तसेच राहिले.

“वाटी गावली व्हय?” शालन म्हणाली. “बरं झालं. वैनींचं गावलं.” तिने कोकराला बाजूला सारले. “माजं कुटं पडलंय तेबी तुमच्या यंत्राला इचारा की, चाचा.”

आण्णांचा निरोप चाचांनी सांगितला. ती नुसतीच हसली. कामाला येणार नाही, हे तिने शब्दांत सांगण्याची गरज नव्हती.

 मग चाचांनी विचारले, “हितं काय हरवलंय का तुमचं?”

ती त्यांच्याकडे पाहत राहिली. मग म्हणाली, “दाभण हरवलंय. घोंगड्याची शिवण घालत हुते परवा. मेंढराच्या पायात घुसंल म्हून जीव वर-खाली हुतोय.”

“कुटं बसला हुतासा?”

ती उठली. कुंपणापाशी जाऊन बसली, घोंगडे मांडीवर घेतल्यासारखे हात केले, सुई ओढल्यासारखा हात लांब नेला. चाचांनी खिशातली किल्ली काढून दगडावर ठेवली, जमीन गप केली आणि सुजलेल्या गुडघ्यावर वाकून, लेंड्यांनी भरलेल्या त्या जमिनीवर थाळी दोन बोटे वर धरून उभे चालू लागले. शालन पुढे पुढे मेंढरे हाकीत, त्यांना वाट करून देत होती. तास गेला. तारेचे तुकडे निघाले, एक घुंगरू निघाले. मग त्यांनी यंत्र माझ्या हातात दिले. “बाई, आडवं तुमी.” मी त्यांच्या डोळ्यांदेखत त्यांचा फेरा तपासला. खुंटीला हात लावला नाही. दाभण मिळाले नाही.

चाचा शालनकडे वळले. तिथे त्यांचे जुने वाक्य यायला हवे होते. ते म्हणाले, “मला गावलं न्हाई. हितं न्हाई असं मी म्हनत न्हाई.”

“मग मी बघत ऱ्हाते,” शालन म्हणाली. ती आम्हाला रस्त्यापर्यंत सोडायला आली, आणि चाचांची पिशवी तिने खांद्याला घेतली होती. चाचा मागून, काठी टेकत, दोन पावलांत एकदा जमिनीकडे पाहत येत होते.

प्रश्नाचे उत्तर मी वर लिहिले आहे. स्वतःची झडती, गप केलेली जमीन, खाली धरलेली थाळी, अर्ध्यावर अर्धे, शून्यावरची चाळण आणि दुसऱ्याचा आडवा फेरा. यातले काहीही मी शिक्षिका आहे म्हणून, किंवा चाचा म्हणाले म्हणून, मान्य करू नका. एक पातळ सोन्याची वस्तू आणि एक चंदेरी कागद आपल्या अंगणात चार बोटे खोल पुरा, चाळण एकेक आकडा पुढे फिरवा, आणि सोने कोणत्या आकड्याला गप्प होते ते स्वतःच्या कानाने ऐका. मग यंत्र दुसऱ्याच्या हातात द्या आणि त्यालाही तपासू द्या.